पाच सेंटला एक तास

रस्त्याची कड सर्वांची; मग ती एकाने दिवसभर अडवावी का? अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीपुढे १९३०च्या दशकात हाच प्रश्न होता. बाजारपेठेत कामाला येणारे लोक सकाळी मोटार लावत, ती संध्याकाळीच हलवत. गिऱ्हाइकांना जागा मिळेना, म्हणून दुकानदार तक्रार करू लागले. नुसती वेळेची मर्यादा घालून भागत नाही. कोणती मोटार केव्हापासून उभी आहे, हे पोलिसाने कसे ध्यानात ठेवायचे?

कार्ल मॅगी या वृत्तपत्र-संपादकांनी हे काम यंत्राकडे सोपवायचे ठरवले. प्राध्यापक होल्गर थ्यूसेन आणि त्यांचे माजी विद्यार्थी जेराल्ड हेल यांनी नाणे टाकल्यावर वेळ मोजणारे यंत्र बनवले. १६ जुलै १९३५ रोजी शहरात पहिले पार्किंग मीटर सुरू झाले. वीस-वीस फुटांवर एक मीटर, दर तासाला पाच सेंट.

गणित सोपे आहे. एका जागेवर आठ तास एकच मोटार राहिली, तर एकाची सोय होते. तासातासाला बदलली, तर आठ जणांची. रस्ता मात्र तेवढाच!

पुढे १९५४मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी सुचवले, की गर्दीनुसार दरही बदलावा. पण दर वाढला, की ज्याचा खिसा रिकामा त्याची अडचण होते. म्हणून दर किती असावा, हा केवळ गणिताचा प्रश्न उरत नाही.

शाळेजवळच्या रस्त्यावरील वाहनांचे क्रमांक दर अर्ध्या तासाने विद्यार्थ्यांना टिपायला सांगा. एक जागा दिवसात किती जणांना मिळते, हे त्यांनाच काढू द्या. मग नियम कोणता असावा, यावर वर्गात चर्चा घ्या.