मोटारीचे टायर व हेडलाइट : निवड, देखभाल आणि दुरुस्ती

मोटारीच्या चाकावर बसवलेले, हवेच्या दाबाने फुगलेले रबरी आवरण म्हणजे टायर आणि अंधारात पुढचा रस्ता उजळणारा दर्शनी दिवा म्हणजे हेडलाइट. वाहन-अभियांत्रिकीच्या ग्रंथांत हे दोन भाग वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, कारण पहिल्याचा संबंध चाक आणि ब्रेक यांच्याशी, तर दुसऱ्याचा गाडीच्या विद्युत्-यंत्रणेशी आहे. परंतु रात्रीच्या प्रवासात दोघांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण दिवा जेवढे अंतर दाखवतो तेवढ्या अंतरात टायरने गाडी थांबवली पाहिजे. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर ताशी ६० किमी. वेगाची गाडी तेवढ्यातच २५ मी. पुढे सरकते, त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती आणखी सुमारे २० मी. आणि ओल्या रस्त्यावर सुमारे ३५ मी. जाऊन थांबते, म्हणजे एकूण अंतर अनुक्रमे ४५ व ६० मी. होते. ताशी ८० किमी. वेगाला हेच आकडे ७० व ९५ मी.च्या घरात जातात. हेडलाइटच्या खाली वळवलेल्या झोताचा, म्हणजे प्रचलित भाषेत डिपरचा, उपयोगी पल्ला साधारणपणे ५० ते ६० मी. असतो आणि गडद रंगाची, परावर्तक नसलेली वस्तू त्याहूनही जवळ आल्यावर दिसते. ऊस-गाळपाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉल्या रात्री चालतात, तेव्हा या गणिताला जीवनमरणाचे महत्त्व येते. झिजलेला टायर गाडी थांबण्याचे अंतर वाढवतो, मंद दिवा दिसण्याचे अंतर घटवतो. दोन्ही दोष एकाच गाडीत असले तर त्यांची भरपाई केवळ वेग कमी करूनच होऊ शकते.

हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, परंतु तो व्यवहारात आला तो जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे केलेल्या कामानंतर. आजच्या मोटारींचे टायर त्रिज्यीय, म्हणजे रेडियल, रचनेचे असतात. या रचनेत आतील धाग्यांचे थर टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काटकोनात जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. मिशलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे एकस्व घेतले. जुन्या तिरप्या थरांच्या टायरपेक्षा हा टायर कमी तापतो, जास्त टिकतो आणि वळणावर त्याचा रस्त्याशी संपर्क अधिक सपाट राहतो.

टायरची निवड करताना प्रथम त्याच्या बाजूवरील, म्हणजे साइडवॉलवरील, अक्षरे वाचता आली पाहिजेत. ‘१८५/६५ आर१५ ८८एच’ या खुणेत १८५ ही टायरची मिलीमीटरमधील रुंदी होय. ६५ हा बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण दाखवतो, म्हणजे येथे उंची सुमारे १२० मिमी. आहे, ‘आर’ हे अक्षर रेडियल रचना आणि १५ हा आकडा चाकाच्या डिस्कचा इंचांतील व्यास सांगतो. पुढील ८८ हा भारनिर्देशांक असून त्याचा अर्थ प्रत्येक टायर योग्य दाबावर ५६० किग्रॅ. भार पेलू शकतो असा होतो, आणि ‘एच’ हे वेगचिन्ह ताशी २१० किमी.ची मर्यादा दर्शवते. ‘एस’, ‘टी’ व ‘व्ही’ या चिन्हांच्या मर्यादा अनुक्रमे १८०, १९० व २४० किमी. आहेत. भारतात एवढ्या वेगाने कोणी जात नाही म्हणून वेगचिन्हाकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती दिसते, पण ती योग्य नाही. हे चिन्ह टायर किती उष्णता सोसू शकतो याचेही माप आहे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पूर्ण भरलेली गाडी तासन्‌तास पळवताना नेमकी तीच क्षमता पणाला लागते. म्हणून गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा कमी भारनिर्देशांकाचा किंवा कमी वेगचिन्हाचा टायर स्वस्त मिळाला तरी बसवू नये.

एकाच गाडीला दोन मापे चालतात ती कशी, हे मारुती स्विफ्टच्या उदाहरणाने स्पष्ट होते. तिच्या साध्या आवृत्त्यांना १६५/८० आर१४ आणि वरच्या आवृत्त्यांना १८५/६५ आर१५ हे टायर मिळत आले आहेत; हिशेब केला तर पहिल्याचा बाह्य व्यास सुमारे ६२० मिमी. आणि दुसऱ्याचा सुमारे ६२२ मिमी. येतो. व्यास जवळजवळ सारखा राहिल्यामुळे वेगमापक बरोबर दाखवतो, गिअरचे प्रमाण बिघडत नाही आणि वळवलेले चाक आतल्या पत्र्याला घासत नाही. रुंद टायरची हौस असणारे लोक याच तत्त्वावर १९५/५५ आर१६ हे माप निवडतात, कारण त्याचाही व्यास सुमारे ६२१ मिमी.च असतो, परंतु बाजूची उंची तेथे १२० वरून १०७ मिमी.वर येते, आणि खड्ड्याच्या कडेवर आदळताना धक्का पचवायला रबर कमी उरल्याने डिस्क वाकणे, आतले धागे तुटून टायरला फुगा येणे हे प्रकार वाढतात. पावसाळ्यानंतर रस्त्यांची जी अवस्था होते ती पाहता, रोज शहरात व गावाकडे जाणाऱ्या गाडीला उंच बाजूचे, मूळ मापाचे टायर अधिक हितकारक ठरतात. फुगा आलेला टायर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. तो ताबडतोब बदलावाच लागतो.

दुकानात नवा टायर घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे प्रवासी मोटारीच्या टायरवर बंधनकारक असलेले आयएसआय चिन्ह, आणि दुसरी म्हणजे निर्मितीची तारीख. ही तारीख बाजूवरील लंबवर्तुळात चार अंकांनी दिलेली असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही ऑक्सिजन व उष्णतेमुळे कडक होत जाते, त्यामुळे अनेक वर्षे गोदामात पडून असलेला टायर मोठ्या सवलतीत मिळाला तरी तो नवा समजू नये. हीच गोष्ट डिकीतील स्टेपनीची. एकदाही न वापरलेली स्टेपनी दहा वर्षांनी केवळ नक्षी शाबूत आहे म्हणून भरवशाची ठरत नाही.

नक्षी, म्हणजे टायरवरील खाचांची रचना, ही मुख्यतः पाणी बाहेर फेकण्यासाठी असते. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला, म्हणजे नक्षी पूर्ण झिजलेला, टायर बरा चालल्यासारखा वाटतो आणि म्हणूनच तो फसवा असतो. पहिल्या पावसात चाकापुढचे पाणी खाचांतून निघून जाऊ शकत नाही, टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही काही क्षण निरुपयोगी होतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिमी. खोल असणे आवश्यक आहे. ही मर्यादा ओळखण्यासाठी खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजतात. मात्र १.६ मिमी. ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्या गाडीमालकाने सुमारे ३ मिमी. नक्षी उरली असता, तीही पावसाळा सुरू होण्यापूर्वी, टायर बदलणे शहाणपणाचे आहे. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी नवी जोडी मागे बसवतात, कारण पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, पण मागची चाके घसरली तर ती गरकन फिरते आणि सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

हवेचा दाब चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला असतो. लहान मोटारींत तो बहुधा ३० ते ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचास पौंड, एवढा असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा टायरला सोसता येणारा कमाल दाब असून तो भरण्याचा दाब नव्हे. दाब टायर थंड असताना मोजावा, कारण तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने चढतो. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची जी सवय आहे ती उलट परिणाम करते : कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, त्या वाकण्याने आतून तापतो आणि अखेर थर सुटून फुटतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यावर या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष गेले. तेथे मोटारींना ताशी १२० किमी. वेगाची परवानगी आहे, रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे, आणि २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या अडवण्यास सुरुवात केली. नायट्रोजन भरून घेणे हा यावरचा उपाय असल्याचे पंपांवर सांगितले जाते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असल्यामुळे त्याने होणारा फरक अल्प आहे आणि महिन्यातून दोनदा दाब तपासणे त्याहून पुष्कळ उपयोगी आहे.

झीज कोणत्या भागात होते यावरून दोष कळतो. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, आणि एकच कड झिजली तर चाकांची दिशा बिघडलेली असते व अलाइनमेंट करून घ्यावे लागते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते तो बॅलन्सिंगचा दोष होय. ट्यूबलेस टायरचे पंक्चर मधल्या भागात असेल तर ते काढता येते. बाजूवरचे पंक्चर काढून गाडी महामार्गावर नेऊ नये.

हेडलाइटमध्ये प्रकाशाचा उगम, तो पुढे वळवणारा परावर्तक किंवा भिंग, आणि बाहेरची पारदर्शक काच असे तीन घटक असतात. भारतातील अनेक साध्या मोटारींत अजूनही एच४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असून एक अप्परसाठी, म्हणजे दूरच्या झोतासाठी, ६० वॅट व दुसरी डिपरसाठी ५५ वॅट वीज घेते. टंगस्टनच्या तारेभोवती हॅलोजन वर्गातील वायू असल्याने उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवर येऊन बसते आणि बल्ब काळा पडत नाही. त्याची काच क्वार्ट्‌झची व अतिशय तापणारी असते; हाताचा तेलकटपणा तिला लागला तर तेथे ती प्रमाणाबाहेर तापून बल्ब लवकर उडतो, म्हणून बदलताना तो स्वच्छ फडक्याने किंवा बुडाच्या धातूला धरावा.

दिवा मंद पडला की अधिक वॅटचा बल्ब टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि या नोंदीच्या विषयातील सर्वांत खर्चीक गैरसमज हाच आहे. हॅलोजन बल्बचा प्रकाश विद्युत्-दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तारांतून किंवा गंजलेल्या जोडातून दाब ५ टक्के घटला तर प्रकाश सुमारे १६ टक्के आणि १० टक्के घटला तर सुमारे ३० टक्के कमी होतो. म्हणून प्रथम मल्टिमीटरने बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर, दिवे चालू ठेवून, दाब मोजावा. इंजिन चालू असता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेथेच कमी असतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असतो. बॅटरीवर ठीक पण होल्डरवर एक व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल, तर अर्थिंगचा स्क्रू गंजलेला, कपलर जळका किंवा रिले झिजलेला असतो, आणि पुष्कळदा अर्थिंगची जागा घासून घट्ट केल्यानेच दिवा पूर्ववत होतो. १०० व ९० वॅटचा बल्ब याच तारांतून अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे होल्डर वितळतो, परावर्तकाचा मुलामा करपतो, आणि गाडीला आग लागण्याचाही संभव असतो.

एकच दिवा बंद असेल तर बल्ब किंवा त्या बाजूचा फ्यूज पाहावा. दोन्ही डिपर एकदम बंद आणि अप्पर चालू असेल तर स्टिअरिंगजवळचा स्विच व रिले तपासतात. तथापि एक बल्ब आधीच उडालेला असून तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता, असेही अनेकदा आढळते.

काच पिवळी पडणे हा उष्ण प्रदेशातील नेहमीचा दोष होय. ही काच वस्तुतः पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते आणि तिच्यावरचा संरक्षक थर सूर्याच्या अतिनील किरणांनी नष्ट झाला की पृष्ठभाग धुरकट होतो. क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पाणकागदाने घासून पॉलिश केल्यास ती स्वच्छ होते, परंतु त्यावर अतिनील-रोधक थर पुन्हा दिला नाही तर काही महिन्यांतच पिवळेपणा परततो; टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय त्याहून अल्पजीवी आहे. पावसाळ्यात आत दिसणारे पातळ बाष्प दिवा लावल्यावर निघून जात असेल तर चिंता नसावी, मात्र तळाशी पाणी साचत असेल तर सील तुटलेले असते.

झोताची उंची, म्हणजे फोकस, नीट नसेल तर उत्तम दिवाही समोरच्याला आंधळे करतो. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडी भिंतीपासून १० मी.वर उभी केली असता डिपरची वरची सीमारेषा दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंमी. खाली पडली पाहिजे. भारतात डावीकडून वाहतूक असल्याने ही रेषा डाव्या बाजूला थोडी वर चढते, जेणेकरून रस्त्याच्या कडेचा पादचारी दिसावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेला दिवा येथे नेमका उलटा परिणाम करतो. मागच्या टायरमध्ये हवा कमी असली किंवा डिकीत सामान भरले की गाडीचे तोंड वर होते. त्यासाठी अनेक मोटारींत ० ते ३ आकड्यांची फिरकी दिलेली असते, परंतु तिचा उपयोग फार थोडे चालक करतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातील एलईडी बल्ब टाकल्यास प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी व आकारात राहत नाही, सीमारेषा विस्कटते आणि गाडीसमोरचा जवळचा रस्ता लख्ख दिसत असला तरी दूरचा कमी दिसतो. आंबोली वा ताम्हिणीच्या धुक्यात तर पांढरा अप्पर झोत जलकणांवरून चालकाच्याच डोळ्यांवर परततो; तेथे डिपर व खाली बसवलेला फॉगलॅम्पच लावावा.

कारखान्यातूनच एलईडी असलेल्या हेडलाइटमध्ये स्वतंत्र बल्ब बहुधा बदलता येत नाही आणि बिघाड झाल्यास पूर्ण संच घ्यावा लागतो. विम्याच्या प्रचलित अटींत रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो, तो टायरला लागू होतो तसाच पॉलिकार्बोनेटच्या हेडलाइटलाही होतो; आणि अपघातात गाडीचे अन्य नुकसान न होता केवळ टायर फाटला असेल, तर टायरसंरक्षणाची जादा तरतूद घेतलेली नसल्यास भरपाई मिळत नाही.