रॉकेलच्या दिव्यावर बोलणारा रेडिओ

कंदील पेटवला की काच तापते. उजेड आपण कामाला लावतो. ऊब मात्र हवेत विरून जाते. तिची वीज करता येईल का? गोष्ट जुनी आहे.

१८२१ साली बर्लिन येथे थॉमस सीबेक यांनी दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून त्यांचे कडे केले. एक सांधा तापवला, दुसरा थंड ठेवला. तोच जवळच्या होकायंत्राची सुई हलली! सीबेक यांना वाटले, उष्णतेने चुंबकत्व आले. खरे पाहता कड्यातून वीज वाहत होती. हे ओळखले डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी. अर्थ चुकला, पण प्रयोग खरा होता. पुढे १८२६ साली ओहम यांनी हीच युक्ती वापरली. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून त्यांनी स्थिर वीज मिळवली, आणि गुरुजी शाळेत शिकवतात तो ओहमचा नियम शोधून काढला.

मात्र धातूंची ही वीज अगदीच थोडी. लेनिनग्राडचे शास्त्रज्ञ योफे यांनी अर्धसंवाहक पदार्थांकडे लक्ष वेधले. १९५० नंतर सोव्हिएत संघात रॉकेलच्या दिव्यावर बसवायचे जनित्र निघाले. त्याची आतली बाजू दिव्याने तापे; बाहेर पंखांसारखे पत्रे असत, ते हवेने निवत. तारा न पोहोचलेल्या खेड्यांत त्यावर रेडिओ चाले. एकाच दिव्याने घरात उजेडही आला आणि जगाची बातमीही!

आता याच्या पुढचे पाऊल पडले आहे. बिस्मथ टेल्युराइड नावाचा पदार्थ या कामी उत्तम, पण ठिसूळ. त्याची पूड करून शाई बनवतात आणि ती लवचीक पातळ पट्टीवर छापतात. अशी पट्टी गरम नळीभोवती गुंडाळता येते.

तुम्ही म्हणाल, मग चुलीवर घर उजळेल का हो? नाही. चांगल्या जनित्रातही उष्णतेच्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच-सात भागांची वीज होते. छापील पट्टीत बहुधा त्याहूनही कमी. शिवाय एक बाजू थंड राहिली पाहिजे. दोन्ही सारख्याच तापल्या, की वीज बंद!

शिक्षकबंधूंनो, तांब्याची आणि लोखंडाची तार घ्या, दोन्ही टोकांना पीळ द्या आणि तांब्याची तार मध्ये तोडून तिथे शाळेतला गॅल्व्हानोमीटर जोडा. एक पीळ मेणबत्तीवर धरा, दुसरा गार पाण्यात. काटा जरासाच हलेल. पण मुलांना तो स्वतः पाहू द्या, आणि दिसले तेच वहीत लिहू द्या. अर्थ मागाहून सापडतो.