पामीर रिकामा कुणी केला?

मोबाइलवर ‘पामीर’ हा शब्द शोधून पाहा. निळं सरोवर, मागे बर्फाचे डोंगर, वळत गेलेला कच्चा रस्ता आणि वर भलंमोठं आकाश. दहा-वीस फोटो सरकवले की लक्षात येतं, यांत माणूसच नाही. असलाच तर पाठमोरा, लाल जॅकेट घातलेला, डोंगर किती मोठा आहे हे कळावं म्हणून उभा केलेला. तोही बहुधा आपल्यासारखाच बाहेरून आलेला.

वस्ती विरळ आहे, हे खरंच. ताजिकिस्तानातला पामीरचा प्रांत म्हणजे गोर्नो-बदख्शान. देशाचा जवळपास ४५ टक्के भूभाग त्यानं व्यापलाय आणि राहतात तिथे देशातले जेमतेम ३ टक्के लोक. पण विरळ आणि रिकामं यांत फरक आहे. विरळ निसर्गानं केलं. रिकामं करायला नकाशा, फौज आणि कॅमेरा लागला, आणि या तिन्ही गोष्टी अनेकदा एकाच तांड्यातून आल्या.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी रस्त्यावर दिसलं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये मी एका फोटोग्राफी टूरसोबत किरगिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानातल्या खोरोगला गेले होते. आम्ही आठ जण, फोटोग्राफी शिकवणारा एक टूर लीडर, दोन जुन्या जीप आणि पन्नाशीचा एक वाखी गाइड. त्याला सगळे ‘आका’ म्हणायचे. ताजिकमध्ये आका म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. लीडर प्रकाशाबद्दल बोलायचा. आका जमिनीबद्दल.

पहिला मुक्काम सारी-ताशला. समोर अलाई खोरं आणि त्याच्या पलीकडे पांढऱ्या भिंतीसारखी डोंगररांग. तिच्यात एक शिखर आहे, ७,१३४ मीटर उंच. पहाटे ते गुलाबी होतं आणि सगळे ट्रायपॉड त्याच्याकडे वळतात. या शिखराची नावं पाहिली तरी प्रदेशाचा दीडशे वर्षांचा इतिहास कळतो. १८७१मध्ये रशियन अभ्यासक अलेक्सेई फेदचेन्को इथे पोचला आणि शिखराला नाव मिळालं काउफमान. १९२८मध्ये त्याचं लेनिन शिखर झालं. २००६मध्ये ताजिकिस्ताननं त्याला इब्न सिनाचं नाव दिलं. शिखर होतं तिथेच आहे.

यातला काउफमान महत्त्वाचा. कॉन्स्टंटिन फॉन काउफमान हा रशियन तुर्कस्तानचा पहिला गव्हर्नर जनरल. समरकंद त्याच्याच काळात रशियाच्या हाती गेलं. १८७१-७२मध्ये त्यानं एक प्रचंड काम करवून घेतलं, ते म्हणजे ‘तुर्कस्तान अल्बम’. नव्यानं जिंकलेल्या मुलखाचे बाराशेच्या आसपास फोटो, चार भागांत लावलेले: पुराणवास्तू, लोक, उद्योगधंदे आणि इतिहास. इतिहासाच्या भागात लढायांच्या जागा आणि त्या लढलेल्या अधिकाऱ्यांचे चेहरे. लोकांच्या भागात माणसं आहेत, पण ती जमातीनुसार लावलेली आहेत, संग्रहालयातल्या नमुन्यांसारखी. मुलूख जिंकल्यावर त्याची यादी करायची, तसं ते काम होतं. फक्त ही यादी फोटोंची होती.

हिंदुस्थानात बसलेले इंग्रज मागे नव्हते. १८७३-७४मध्ये डग्लस फोर्सिथची मोहीम लेहवरून यारकंद आणि काशगरला गेली. तिच्या सरकारी अहवालात चॅपमन आणि ट्रॉटर या दोन कॅप्टनांनी काढलेले फोटो आहेत. १८७४च्या वसंतात तिच्यातलीच एक तुकडी पामीर ओलांडून वाखानात उतरली. सोबत अब्दुल सुभान नावाचा सर्वेक्षक होता, ज्याला कागदपत्रांत नुसतं ‘मुन्शी’ म्हटलं जायचं. पंज नदीच्या काठानं पुढे जाऊन त्यानं मोजणी केली. पाहणं, मोजणं आणि ताबा सांगणं ही तिन्ही कामं त्या काळी एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

आमची जीप किझिल-आर्त खिंड चढून ताजिकिस्तानात शिरली आणि दुपारी कारा-कुल सरोवर दिसलं. उंची सुमारे ३,९०० मीटर, वारा असा की बोलणं तोंडातच राहावं. तिथून दक्षिणेला जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला काटेरी तारेचं कुंपण लागतं. ते तासन्‌तास सोबत चालतं. सोव्हिएत काळातलं हे कुंपण चीनच्या बाजूनं घातलेलं, पण प्रत्यक्ष सीमा त्याच्याही बरीच पलीकडे आहे. लीडरची सूचना होती, “तार फ्रेममध्ये येऊ देऊ नका, डोंगर मोकळा दिसला पाहिजे.” लँडस्केप शिकवणारा कुणीही हेच सांगेल. आका मात्र कुंपणातल्या रिकाम्या जागा दाखवत होता. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला, मग यादवी आली, कोळसा आणि डिझेल यायचं थांबलं. तेव्हा लोकांनी जाळायला काही ठिकाणी कुंपणाचे लाकडी खांबच उपटले. शिवाय तेरेस्केन नावाचं खुरटं झुडूप मुळासकट खणलं. आज तिथला काही भाग उघडाबोडका दिसतो. फोटोत तो फार सुंदर दिसतो.

पुढे ४,६५५ मीटरवरची अक-बैताल खिंड ओलांडून आम्ही मुर्गाबला उतरलो. तिथला बाजार मालवाहू कंटेनरमध्ये भरतो. गावाचा जन्मच छावणी म्हणून झालाय. १८९३मध्ये इथे रशियन फौजेचं ठाणं बसलं, ‘पामिर्स्की पोस्त’. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९१च्या ऑगस्टमध्ये, बोझाई गुंबझ इथे इंग्रज अधिकारी फ्रान्सिस यंगहजबंड आणि रशियन कर्नल योनोव्ह समोरासमोर आले. दोघांनी एकत्र जेवण केलं. मग काही दिवसांनी योनोव्हनं त्याला सांगितलं, ही जमीन रशियाची आहे, तुम्ही निघा. लंडन आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये तारायंत्रं खणखणली. जिथे हे घडलं ती किरगिझ मेंढपाळांची चराऊ जमीन होती. ती कुणाची, हे त्यांना विचारायची गरज दोघांपैकी कुणालाच वाटली नाही.

मुर्गाबच्या पुढे एका खोऱ्यात आम्ही सूर्यास्ताची वाट पाहत थांबलो. चिटपाखरू नव्हतं. आकानं बुटाच्या टोकानं गवतातलं एक वर्तुळ दाखवलं. मग दुसरं. मग तिसरं. मधे काळवंडलेले दगड, चुलीचे. उन्हाळाभर तिथे किरगिझ कुटुंबांचे तंबू होते. थंडी लागताच याक आणि मेंढ्या घेऊन ती खाली गेली होती. म्हणजे आम्ही ज्याला निर्मनुष्य म्हणत होतो ते कुणाचं तरी उन्हाळ्यातलं अंगण होतं. धनगरांचा वाडा हलल्यावर माळाचा फोटो काढावा आणि खाली लिहावं ‘इथे कुणी राहत नाही’, तसंच हे.

दोन साम्राज्यांनी हेच केलं, पण कायद्यानं. १८९५मध्ये इंग्रज आणि रशियन अधिकाऱ्यांचं संयुक्त सीमा आयोग झोरकुल सरोवराशी जमलं. तिथून पूर्वेला चीनपर्यंत त्यांनी रेघ मारली आणि खांब उभे केले. पश्चिमेला नदीच सीमा मानायची, हे १८७३च्या समझोत्यातून आधीच ठरत आलं होतं. दोन्ही साम्राज्यांच्या हद्दी एकमेकींना भिडू नयेत म्हणून मधे अफगाणिस्तानची एक पट्टी ठेवली. तीच वाखान पट्टी, सुमारे ३०० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २० किलोमीटरहूनही अरुंद. नकाशावर अफगाणिस्तानला जी लांबट शेपटी दिसते, ती ही.

रेघ मारणाऱ्यांच्या दृष्टीनं नदी ही सोयीची सीमा, कारण ती दुरून दिसते. खोऱ्यात राहणाऱ्यांसाठी नदी म्हणजे गावाचा मध्य. दोन्ही काठांवर वाखी लोक, एकच भाषा, एकच इस्माइली पंथ, एकमेकांत सोयरीक. सुरुवातीची काही दशकं ये-जा चालू राहिली. १९३०च्या दशकात सोव्हिएत राजवटीनं सीमा बंद केली आणि लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुली पलीकडेच राहिल्या.

या खोऱ्याचं एक जुनं वर्णन आपल्याला परक्या वाटणाऱ्या माणसाचं नाही. शाळेच्या इतिहासात पुलकेशीच्या धड्यात भेटणारा युआन श्वांग इसवी सन ६४०च्या सुमारास महाराष्ट्रात होता. मराठी मुलखातल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल त्यानं लिहिलेलं आपण अभिमानानं सांगतो. तोच माणूस काही वर्षांनी चीनला परतताना याच वाटेनं गेला. उंचावरचा पामीर त्यानं थंड आणि ओसाड म्हणून नोंदवला, हे खरं. पण खालच्या वाखानाबद्दल लिहिताना त्यानं तिथले लोक आणि बौद्ध विहारही नोंदवले. बाराशे वर्षांनंतरच्या युरोपीय मोहिमांनी यातलं ओसाडपण तेवढं पुढे नेलं. डेन्मार्कच्या ओले ओलुफसेननं १८९८-९९चा हिवाळा खोरोगमध्ये काढला, लोकांची घरं, कपडे, अवजारं बारकाईनं नोंदवली, माणसांचे फोटो काढले. तरी १९०४मध्ये आलेल्या त्याच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात पामीर ‘अज्ञात’च आहे. अज्ञात कुणाला? ज्यांच्या घरात तो राहिला त्यांना नक्कीच नाही.

१९२८मध्ये जर्मन आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांची संयुक्त मोहीम आली. रिचर्ड फिन्स्टरवाल्डरनं एकाच डोंगराचे वेगवेगळ्या जागांवरून फोटो घेऊन त्यांवरून उंची आणि अंतर मोजण्याची पद्धत वापरली. ७७ किलोमीटर लांबीच्या फेदचेन्को हिमनदीचं नेमकं मोजमाप तिथून मिळालं. आज हिमनद्या किती आटल्या हे सांगायला त्या कामाचा मोठा आधार आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ही पद्धत माणूस बाजूला सरला तरच नीट चालते. मोजायला कडा स्थिर लागतो. माणूस हलतो.

जे हलतात त्यांची गोष्ट फोटोंत एकदा तरी नीट आली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रोलां आणि सबरीना मिशो या फ्रेंच जोडप्यानं गोठलेल्या नदीवरून जाणाऱ्या किरगिझ काफिल्यासोबत प्रवास करून फोटो काढले. ते काढले म्हणून बरं झालं. १९७८मध्ये काबूलमधली सत्ता उलटल्यावर रहमान कुल या सरदारामागोमाग अफगाण पामीरमधले हजाराहून अधिक किरगिझ पाकिस्तानात गेले आणि १९८२मध्ये तिथून तुर्कीला. त्यांच्या वंशजांचं गाव आज व्हान सरोवराच्या परिसरात आहे. नाव ठेवलंय उलुपामीर, म्हणजे थोर पामीर. सरोवरं, खिंडी सगळं मागे राहिलं, नाव तेवढं सोबत नेलं.

आम्ही खारगुश खिंडीतून उतरून लंगरला पोचलो. तिथे पामीर आणि वाखान या दोन नद्या मिळून पंज होते. पलीकडचा काठ अफगाणिस्तान, मागे हिंदुकुश आणि हिंदुकुशाच्या मागे पाकिस्तान. एका फ्रेममध्ये तीन देश बसतात, म्हणून ही जागा टूरच्या कार्यक्रमात होती. आकानं माझी मोठी लेन्स मागितली. हिंदुकुश त्यानं पाहिलाच नाही. पलीकडच्या पाच-सहा घरांवर लेन्स रोखून तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “गहू कापून झालाय. आमचा अजून उभा आहे.” त्याच्या आजीची धाकटी बहीण त्या बाजूला दिलेली. नंतर दोघी बहिणी पुन्हा भेटल्या नाहीत. घरं दिसत होती, धूर दिसत होता, कुणाच्या घरी किती माणसं झाली ते मात्र कळायचा मार्ग नव्हता.

त्यानं सांगितलेल्या घरांचे मी फोटो काढले. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. पाच खांबांचं पामिरी घर, छतात मधोमध एकात एक चार चौकोनांचा झरोका. त्याच्या आईनं मोबाइलवर फोटो घेतला, दोन बोटांनी मोठा केला आणि एकेका घरावर थांबत बोलू लागली. ती पलीकडे कधीच गेली नव्हती. तिच्या आईनं सांगितलेलं घर ती शोधत होती, पाठीमागे पॉपलरची रांग असलेलं. अशी दोन घरं होती. कुठलं ते ठरेना. आका आणि त्याच्या आईत त्यावरून चांगलाच वाद झाला आणि चहा निवून गेला.

फोटो म्हणून तो साधाच आहे. उन्हात हवा थरथरत असल्यानं कडा धूसर, अर्ध्या चौकटीत नदीचा वाळूचा पट्टा. लँडस्केपच्या कुठल्याही स्पर्धेत तो पहिल्या चाळणीतच गळेल. पण दीडशे वर्षं या खोऱ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यांनी जे बाहेर ठेवलं, नेमकं तेच त्यात आलंय. त्यात सीमा दिसत नाही, कारण वाळूवर ती नाहीच.

त्यानंतर कोविड आला, मग २०२१मध्ये काबूलची सत्ता बदलली आणि काठाकाठानं पहारे वाढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोरोगमध्ये निदर्शनं झाली आणि गोर्नो-बदख्शानचं इंटरनेट चार महिने बंद होतं. आकाचा निरोप यायचा थांबला. वसंतात तो पुन्हा आला, एकच ओळ: त्या फोटोची मोठी फाइल आहे का, आईला तिसरं घर बघायचंय.