पाच रुपये, पाच वर्षं

कामगार न्यायालयात वकिली करताना मला एक सवय जडली. पगाराचा आकडा नंतर, करार मोडला तर काय होईल ते कलम आधी वाचायचं. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर नेलेल्या आपल्या मजुरांचे करार मी असेच वाचते, आणि दरवेळी संतापते.

सप्टेंबर १८३४. कलकत्त्यात मॅजिस्ट्रेटसमोर ३६ डोंगरी मजुरांचा करार झाला. मुदत पाच वर्षं, पुरुषाला महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. सहा महिन्यांचा पगार आगाऊ. परतीच्या भाड्यासाठी दरमहा रुपया कापायचा. 'अ‍ॅटलस' जहाजाने ते नोव्हेंबरात पोर्ट लुईला पोचले. त्यांच्यामागून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. मुंबईहूनही जहाजं सुटत, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ असत. त्यांच्या वंशजांनी तिथे गणपती आणि जाखडी अजून जपली आहे.

कागदावर हा करार फार वाईट दिसत नाही. खरा फास कायद्यात होता. मालकाने पगार थकवला तर ते नुसतं येणं. मजूर कामावर आला नाही तर तो गुन्हा, थेट तुरुंग. शिवाय एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापत. २६ दिवसांच्या महिन्यात दहा खाडे पडले, तर सोळा दिवस राबून हाती सहा दिवसांची मजुरी. याला मी करार म्हणणार नाही.

मुदत संपली तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुराला फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. नसला तर भटक्या म्हणून अटक. त्यापेक्षा मळ्यावर पुन्हा नाव लिहिणं बरं, असं कित्येकांना वाटलं असणार. अडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेवाल्याने १८७१ मध्ये नऊ हजारांवर मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, तेव्हा कुठे शाही आयोग नेमला गेला.

मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही पद्धतच बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला. गोखले कोतळूकचे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं: करार मोडल्यास फौजदारी शिक्षा होते, हे मजुराला सही करण्यापूर्वी सांगितलंच जात नाही. सरकारी मतांनी ठराव पाडला. मॉरिशसची भरती त्याआधीच, १९१० मध्ये थांबली होती. फिजी आणि त्रिनिदादकडची मात्र १९१७ पर्यंत चालू राहिली.