मराठी व्याकरणातील ‘प्रयोग’: जुळणी आणि कर्तेपण

कर्तरी, कर्मणी, भावे ही त्रयी मराठी व्याकरणाने संस्कृतातून घेतली. पाणिनीय व्यवस्थेत क्रियापदाचा प्रत्यय कर्ता, कर्म वा भाव यांपैकी एकाचे अभिधान करतो. अभिहित कारकाला प्रथमा, अनभिहित कर्त्याला तृतीया. ‘रामः रावणं हन्ति’ आणि ‘रामेण रावणः हन्यते’ यांत काळ एकच आहे, निवड वक्त्याची.

मराठीच्या भूतकाळात ही निवडच उरलेली नाही. ‘राम आंबा खातो’ हे वाक्य भूतकाळात नेले की ‘रामाने आंबा खाल्ला’ होणे अटळ. (‘पिणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ हे धातू सकर्मक असूनही ‘ती पाणी प्याली’ असे कर्तरीच राहतात, ही अडचण निराळी.) कारण ऐतिहासिक आहे. संस्कृतातील ‘त’-प्रत्ययान्त धातुसाधिताने पुढे भूतकाळी आख्याताची जागा घेतली. सकर्मक धातूंपासून होणारे हे रूप कर्मवाचक, आणि मराठीचे ‘ला’-रूप त्याचेच वंशज. सांगाडा कर्मणीचा राहिला, पर्याय लोपला.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले, तेव्हा मराठी व्याकरणापुढे संस्कृत आणि इंग्रजी असे दोन नमुने होते. पुढे शालेय वळणात ‘प्रयोग’ आणि इंग्रजी ‘व्हॉइस’ या संज्ञा एकमेकींच्या जागी वावरू लागल्या. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगाची तपशीलवार चर्चा केली, अरविंद मंगरूळकरांच्या ग्रंथाचे (१९६४) नावच ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’. तरीही जुळणी हेच कर्तेपणाचे लक्षण, हा समज शालेय व्याकरणातून पुरता गेला नाही.

तो टिकणारा नाही. ‘रामाने रावणाला मारले’ येथे क्रियापद कोणाशीच जुळत नाही. मग वाक्याला कर्ताच नाही म्हणावे काय? ‘तू आंबा खाल्लास’ यात ‘ला’ आंब्याशी जुळतो, ‘स’ मात्र ‘तू’शी. ‘मालूने घरी येऊन आपली वही फाडली’ हे वाक्य अधिक बोलके आहे. क्रियापद वहीशी जुळते. पण घरी आली ती मालू, आणि ‘आपली’ म्हणजेही मालूचीच. रूप कर्माकडे झुकले तरी वाक्याची सूत्रे कर्त्याच्याच हाती आहेत. खरी कर्मप्रधान रचना ‘रावण रामाकडून मारला गेला’ ही, जिला शालेय व्याकरणे ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. येथेच निवड परत येते.

हा भेद समीक्षेलाही टाळता येत नाही. कथनातील ‘त्याने दार उघडले’ या रूपात कर्त्याचे गौणत्व वाचणे म्हणजे भाषेची सक्ती लेखकाच्या शैलीखाती जमा करणे होय. शैलीचा प्रश्न ‘दार उघडले गेले’ येथे सुरू होतो.