वाळवण, लाटी आणि काटकसरीचे भांडवल : नाशिक जिल्ह्यातील घरगुती खाद्यव्यवहाराचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्यावर असून तो १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील जातीजमातींचे वर्णन करताना त्यात सामान्यतः एक ठरावीक पद्धत अवलंबिलेली दिसते. त्या त्या समाजाचे रोजचे अन्न कोणते आणि सणावाराचे अन्न कोणते, हे थोडक्यात नोंदवावयाचे आणि पुढे पोशाख, घरे, व्यवसाय यांकडे वळावयाचे. बाजरी हे जिल्ह्याचे प्रमुख धान्य असल्याने भाकरी, डाळ, मिरची व हंगामी भाजी हे झाले रोजचे अन्न. गव्हाची पोळी, भात, पुरण हे झाले सणाचे. प्रशासकीय गरजेपोटी केलेली ही द्विभागणी नंतरच्या अनेक अभ्यासकांनीही फारसा विचार न करता स्वीकारली.

वस्तुतः या दोहोंच्या मध्ये तिसरा एक खाद्यव्यवहार आहे. तो रोजचा नव्हे आणि सणाचाही नव्हे. कुरडयांसाठी शिजविलेला गरम चीक, उडदाच्या पापडांची तेलात बुडवून खाल्लेली लाटी, लोणी कढविल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी आणि तिच्यावर घातलेली चिमूटभर साखर, शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून वळलेला लाडू, ही त्याची सहज सुचणारी उदाहरणे. प्रस्तुत लेखात त्यास सोयीसाठी 'मधले खाणे' असे म्हटले आहे. हातचे राखून चालणाऱ्या संसारात मुलाबाळांच्या वाट्याला जे गोडधोड वा चमचमीत येई, त्याचा मोठा भाग या मधल्या खाण्याचा होता. मात्र त्यासाठी वेगळा पैसा खर्च होत नसल्यामुळे कोणत्याही हिशेबवहीत त्याची नोंद झाली नाही. ही नोंद का झाली नाही आणि हे खाणे खरोखरच 'फुकट' होते काय, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

साधनांची अडचण

मराठीतील छापील पाकशास्त्राची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये आले आणि कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून घरोघरी स्थान मिळविले. वाटी आणि चमचा ही मापे 'रुचिरा'ने रूढ केली, ही तिची मोठीच कामगिरी होय. तथापि पाककृतीची रचनाच अशी असते की तिचा आरंभ साहित्याच्या यादीने होतो. अमुक वाट्या रवा, तमुक वाट्या साखर. ज्या पदार्थाचा आरंभ दुसऱ्या पदार्थाच्या उरलेल्या भागाने होतो, त्याला अशा यादीत सामावून घेणे कठीण जाते. बेरीची पाककृती कशी लिहावी? तीसाठी प्रथम आठवडाभर साय साठविली पाहिजे, विरजण लावले पाहिजे, ताक घुसळले पाहिजे. बेरी हे त्या सर्व उद्योगाचे शेपूट आहे.

याउलट आत्मचरित्रे व कथात्म लेखन येथे अधिक उपयोगी पडते, आणि या बाबतीत नाशिकचा योग विलक्षण आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचा घरातील बायकांवर पडणारा ताण सांगितला आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्याच तुरुंगात लिहिले. त्यातील घर कोकणातले आहे हे खरे. परंतु 'अळणी भाजी' या प्रकरणातील एक बाब कोणत्याही प्रांतातील स्वयंपाकघरास लागू पडते. भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले, हे आईला केव्हा कळते? वडील व मुले न बोलता जेवून उठल्यावर, ती स्वतः जेवावयास बसते तेव्हा. या प्रकरणाचा आजवर संस्कारकथा म्हणून पुष्कळ विचार झाला आहे. गृहव्यवहाराच्या इतिहासासाठी मात्र त्यातील पंगतीचा क्रमच अधिक बोलका आहे. शिजविणारी स्त्री सर्वांत शेवटी जेवते, म्हणून घरात कमी काय पडले याचे ज्ञान आणि त्याची झळ या दोन्ही गोष्टी तिच्यापाशी एकवटतात.

वाळवणाचा हंगाम

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत नाशिक जिल्ह्याच्या मध्य व पूर्व भागात हवा कोरडी आणि ऊन कडक असते. वर्षाचे वाळवण याच काळात उरकावे लागे. कुरडयांचे उदाहरण जरा तपशिलाने पाहण्याजोगे आहे. गहू साधारणपणे तीन दिवस भिजत घालावयाचा, पाणी रोज बदलावयाचे. मग पाट्यावर वाटून वा कुटून, पाण्यात कालवून फडक्यातून चीक गाळावयाचा. तो रात्रभर स्थिर ठेवला की सत्त्व तळाशी बसते. वरचे पाणी ओतून द्यावयाचे. दुसऱ्या दिवशी पहाटे आधणात मीठ-हिंग घालून हा चीक गुठळी होऊ न देता शिजवावयाचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडावयाच्या, कारण थंड झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. हे काम एकटीदुकटीचे नव्हे. एकीने ढवळावे, दुसरीने सोऱ्या भरावा, तिसरीने अंगणातील खाटेवर अंथरलेल्या कापडावर कुरडया घालाव्यात आणि मुलांनी दिवसभर कावळे-चिमण्या हाकाव्यात.

याच वेळी पातेल्यातील थोडा चीक वाट्यांतून बाजूला निघे. कोणी त्यात दूध-साखर घेई, कोणी कच्चे तेल. बागलाण, कळवण, मालेगाव या अहिराणी बोलणाऱ्या पट्ट्यात ज्वारीच्या बिबड्यांसाठी शिजविलेल्या घाट्याची हीच कथा. त्यावर तेल आणि तिखट. पापडांच्या दिवशी लाट्या. पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा भागात नागलीच्या पापडांची गरम उकड. चीक गाळून उरलेला गव्हाचा चोथाही टाकला जात नसे. तिखट-मीठ घालून त्याच्या पापड्या वा भुसवड्या होत.

हे खाणे म्हणजे गृहिणीने मुलांवर केलेली मेहेरबानी असे वर्णन आठवणीपर लेखनात नेहमी आढळते. ते अपुरे आहे. वाळवण शेजारणींच्या परस्पर मदतीने चाले. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. शेतीत ज्यास सावड म्हणतात, तीच ही पद्धत. फरक इतकाच की शेतीतील सावडीचा उल्लेख ग्रामव्यवस्थेवरील ग्रंथांत येतो आणि पापडांच्या सावडीचा येत नाही. मदतीस आलेल्या बाईला पैसे देण्याचा प्रश्न नव्हता. तिच्या हातावर लाटी ठेवली जाई, चीक दिला जाई. कावळे हाकणाऱ्या पोरांनाही तेच मिळे. तेव्हा लाटी हा खाऊ होताच, पण ती श्रमाची पोचही होती. मुलांनी केलेल्या कामास 'काम' म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून त्या पोचेस आपण 'लाड' म्हणतो.

काटकसर कोणास परवडते?

येथवरच्या विवेचनावरून पूर्वीची गृहिणी अल्प खर्चात सर्वांना तृप्त करीत असे, असा सुखद निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु कुरडयांसाठी काय काय लागे, हे पुन्हा एकदा मोजून पाहावे. हंगामात एकदम विकत घेतलेला किंवा शेतातून आलेला गहू, तो ठेवण्यास कणगी, शिजविण्यास मोठे पातेले व सरपण, वाळविण्यास अंगण अथवा धाबे, सलग तीन-चार दिवस मजुरीस न जाता घरी राहण्याची सवड आणि तयार माल वर्षभर ठेवण्यास कोरडी जागा. यांतील एकही गोष्ट रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाजवळ खात्रीने नसे. जो शेर-अच्छेर धान्य रोजच्या रोज आणतो, त्याच्या घरी उरण्यासारखे काही नसते, आणि मधले खाणे तर उरण्यावरच उभे आहे. काटकसर ही गरिबांची विद्या समजली जाते. प्रत्यक्षात तिलाही भांडवल लागते, आणि ते नसणारा माणूस तीच वस्तू महाग दराने घेतो.

यातून एक विरोधाभास निर्माण होतो. बेताच्या परंतु स्थिर उत्पन्नाच्या घरात खाऊ बनविला जाई आणि त्याहून गरीब घरात तो विकत आणला जाई. आठवडे बाजारातून परतणाऱ्या मजूर स्त्रीच्या पदरात चुरमुरे, फुटाणे, गोडी शेव, रेवड्या असत. सुस्थित शेजारी यास उधळपट्टी म्हणत. पण सवडीचा आणि साठवणीचा अभाव असताना चार पैशांची शेव हाच मुलांच्या तोंडात काही घालण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होता. सिन्नर भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. ज्यांची मजुरी नगावर ठरते, त्यांचा पापड लाटण्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरीच. आदिवासी भागात परिस्थिती आणखी निराळी. तेथे सुकविलेली मोहाची फुले भाजून खाणे हा गोडाचा प्रकार होता आणि त्यास बाजाराची गरज नव्हती. जंगलात जाण्याची मोकळीक मात्र हवी होती.

जातीचाही मुद्दा येथे टाळता येत नाही. सावडीत कोण कोणाच्या अंगणात जाऊ शके? २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचा दरवाजा हा दृश्य अडसर होता. स्वयंपाकाच्या अंगणाची सीमा कोणत्याही दरवाजाशिवाय पाळली जात होती.

शिधापत्रिका आणि दुष्काळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, २ मे १९४३ रोजी, मुंबई शहरात धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि पुढे इलाख्यातील इतर शहरांत ते विस्तारले. १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे सैल करण्यात आली, १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. या धोरणाच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. गृहव्यवहारावर झालेला एक परिणाम मात्र ध्यानात घेतला पाहिजे. शिधा ठरावीक मुदतीने व ठरावीक वजनाने मिळू लागला की वर्षाच्या साठवणीचे गणित मोडते. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस व १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाल्यावर वेतनावर जगणारा मोठा कामगारवर्ग तेथे वाढला. महिन्याच्या पगाराला महिन्याचा किराणा हेच त्याचे चक्र होते.

१९७२ च्या दुष्काळात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला, नांदगाव हे तालुके अवर्षणप्रवणच. अमेरिकेतून आलेली मिलो ही लालसर ज्वारी त्या वेळी स्वस्त धान्य दुकानांतून मिळे. तिच्या भाकरीची चव आणि पोत यांविषयीच्या तक्रारी त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकावयास मिळतात. कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या आठवणी मात्र निराळ्या सुरात सांगितल्या जातात. पोषण म्हणून दिलेला तो कोरडा, गोडसर पदार्थ अनेक बायांनी स्वतः न खाता पदरात बांधून घरी नेला. शासनाच्या दृष्टीने तो मजुराच्या शरीरास दिलेला पूरक आहार होता. घरी पोहोचेपर्यंत त्याचा खाऊ झालेला असे. मधल्या खाण्याची सारी साधने नष्ट झाली असताना स्त्रियांनी ते सरकारी शिध्यातून पुन्हा उभे केले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याची किंमत त्यांच्याच पोटाने मोजली, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिलांचे आंदोलन उभे राहिले आणि लाटणे हे मोर्चाचे चिन्ह ठरले.

त्यानंतर अर्धशतकाने, २०२२ च्या दिवाळीत, राज्य शासनाने 'आनंदाचा शिधा' या नावाने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी १ किलो व पामतेल १ लिटर असा संच शिधापत्रिकाधारकांना देऊ केला. गरिबाच्या गोडाधोडाची दखल शासनाने घ्यावी ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ती दखल सणापुरती होती. रोजचे धान्य आणि सणाचा शिधा ही १८८३ ची विभागणी येथेही जशीच्या तशी दिसते.

लाटीचे वजन

पिठाच्या गिरणीने जात्याबरोबर कण्या नेल्या. घरोघरी पिशवीतले दूध येऊ लागल्यावर बेरीही विरळ झाली. नाशिकच्या चिवड्यास दूरवर बाजारपेठ मिळाली आणि घरच्या चिवड्याची त्याच्याशी तुलना होऊ लागली. या बदलांविषयी हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. जाते ओढणाऱ्या बाईने त्याविषयी कधी हळहळ केली असेल असे वाटत नाही.

पापडाचे मात्र वेगळे झाले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. घरातले बिनमोल काम येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मोबदल्याचे झाले. पुढे बचत गटांनी नाशिकसह सर्वत्र हाच मार्ग धरला. या पद्धतीत भिजविलेले पीठ मोजून घरी न्यावयाचे आणि लाटून वाळविलेले पापड मोजून परत करावयाचे असतात. मोबदला वजनावर मिळतो. तेव्हा पोळपाटाशेजारी बसलेल्या मुलाने लाटीसाठी हात पुढे केला, तर ती लाटी आता कोणत्या खात्यात मांडावयाची, हे त्या बाईस त्याच क्षणी ठरवावे लागते. मोजणीच्या वेळी ती तूट म्हणून दिसते. अंगणातल्या सावडीत जिला किंमत नव्हती, त्या लाटीस येथे प्रथमच ग्रॅममध्ये किंमत आली.