सोप्यात बसायचं कोणी?

कोल्हापूर जिल्ह्यात घराचं तोंड कसं असावं हे आधी पाऊस ठरवतो, मग मालक. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि शिरोळात पाचशेवर भागतं. सगळा खेळ शंभरेक किलोमीटरांतला. म्हणून बावड्याकडच्या घरांची पाखी इतकी खाली उतरलेली की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आषाढ लागला की पुढची बाजू कारवीच्या कुडानं बंद करून टाकतात. पूर्वेला सांगली-सोलापूरच्या अंगाला सरकावं तशी माळवदं दिसू लागतात. या दोहोंच्या मधे, करवीर, कागल, पन्हाळ्याच्या पट्ट्यात, घरापुढं उघडा सोपा ठेवणं परवडलं. मी करवीर तालुक्यातली आहे, तेव्हा यापुढं थोडा पक्षपात होणार हे गृहीत धरा.

माझा जन्म घरांचे नकाशे काढण्यात गेला. लोक येतात, खुर्चीत बसतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मॅडम, पोर्च मोठा धरा, गाडी बसाय पायजे.’ गाडीच्या मापाचं बोलून झालं की मग हळूच, ‘आणि संध्याकाळी चार माणसं बसाय जागा. निगा लागू नये मात्र.’ या दोन वाक्यांत कोल्हापूरच्या घरांचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

जुना सोपा म्हणजे तीन बाजूंनी भिंत, पुढं खांबांची ओळ, वर कौलं आणि खाली हात-दीड हात उंच जोतं. घर खणांत मोजायचं आणि सोप्यांतही मोजायचं. पाच खणांचं घर, तीन सोपी घर, वतनदाराचा असेल तर चौसोपी वाडा. राधानगरी, भुदरगडच्या रानातून ऐन, किंजळ, नाना यायचे; सागवान ज्याला परवडे त्याला. खांब थेट भुईत कधी रोवायचे नाहीत. खाली काळ्या दगडाचा उथळा, त्यावर खांब. ओल दगडातच अडायची आणि वाळवी वर चढायला लागली तर दगडावर दिसायची. वर्षा-दोन वर्षांनी जवसाच्या तेलाचा हात फिरवला की खांब आजोबाचा नातवाला पुरे. बिननिगेचं बांधकाम म्हणून आज जे विकतात, त्यातलं बरंचसं या एका उथळ्यात आधीच होतं.

गारवाही फुकटचा नव्हता, रचनेतला होता. मातीची भिंत हात-सव्वा हात जाड. दुपारची तिरीप पाख्याखाली फारशी शिरायची नाही. नळीची कौलं एकावर एक सैल बसवलेली, तापलेली हवा त्यांच्या फटींतून वर निघून जायची. वैशाखात शेतावरून आलेला माणूस सोप्यातल्या घोंगड्यावर आडवा झाला की त्याला उठवायला बैलाचंच हंबरणं लागे. पूर्वेला तोंड असलेला सोपा पावसाळ्यातही कोरडा राही, कारण इथला मोसमी वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या सोप्यात झड येते; तिथं माणसांऐवजी जळण आणि वैरण बसे.

सोप्याला वेळापत्रक होतं. पहाटे धारा काढून झाल्या की दूध घालायला निघणारी माणसं तिथं टेकायची. दिवस वर आला की पुरुष रानात, आणि सोपा बायकांचा. धान्य निवडायचं, बाजेवर शेवया वाळत घालायच्या, चौघींनी मिळून वाकळ शिवायची. हे सगळं तिथंच, कारण उजेड तिथंच. आतल्या माजघरात भरदुपारीही दिवळीत दिवा लागे. दिवस कलला की वाकळ गुंडाळायची आणि उठायचं. संध्याकाळचा सोपा पुरुषांचा. पान-तंबाखूची चंची, उसाच्या बिलाची चर्चा, खासबागेतल्या कुस्तीची उजळणी. माझी आजी त्या वेळी आतून बाहेर जायची झाली तर डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडेनं जायची. घर तिचं, सोपा तिनं सारवलेला, आणि वाट मात्र भिंतीकडेची.

पुरुषांतही सगळे सारखे बसत नसत. पाहुणा जाजमावर, भावकीतला घोंगड्यावर, बलुतेदार उघड्या भुईवर, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं ते पायरीखाली अंगणात. चहा दिला तर वेगळ्या कपात, तो कप कोनाड्यात पालथा ठेवलेला. जुन्या सोप्याच्या आठवणी काढताना लोक हा कप विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते. शाहू महाराजांनी 1919 साली संस्थानात शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला हात दिला आणि गाडी थांबवून तिथं स्वतः चहा घेतला. बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावा लागला. पण हुकूम चालतो तो चावडीपर्यंत. खासगी सोप्याची पायरी हुकमानं चढता येत नव्हती, ती चढायला आणखी दोन पिढ्या गेल्या. काही गावांत अजून जात आहेत.

आता निगेचं. सोपा निगेवाचून टिकत नव्हता, फक्त ती निगा बसणाऱ्याला करावी लागत नव्हती. भुई चोपून केलेली. आठ-पंधरा दिवसांनी शेणाचं सारवण, मधेमधे चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी पोतेरं. सण आला की पुन्हा. सारवण जाड पडलं की वाळून पोपडे धरतं, पातळ पडलं तर दुसऱ्या दिवशी धूळ, आणि हाताचा अर्धगोल एकाला एक जुळला नाही तर शेजारीण बोलून दाखवणार. पावसाळ्यात भुई ओल धरे, सारवलेलं वाळेना, तिथं बसलं की लुगड्याला वास. दिवाळीआधी भिंतींना पांढरी माती, खाली कावेचा पट्टा. रोहिण्या बरसायच्या आत शाकारणी: सगळी नळीची कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, पालापाचोळा झाडायचा, पुन्हा ओळीनं लावायची. वर चढणार शाकारणारा गडी, पण खालून कौलं पुरवणाऱ्या, उतरलेली माती भरणाऱ्या बायका. मांजराची एक झुंज झाली की भर श्रावणात घरात ठिबक सुरू. कौलं करणारे कुंभार शहरातच होते. गंगावेशीच्या आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्ल्यांत आता गणपती घडतात. नळीची कौलं कोणी मागत नाही.

मागणी गेली ती मंगलोरी कौलामुळं. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारं, सपाट, यंत्रावर दाबलेलं कौल. नळीच्या कौलांपेक्षा छपराचा भार कमी आणि दरवर्षी उतरवायची कटकट नाही. कोल्हापूरला 1891 साली मिरजेहून रेल्वे आली आणि असला जड माल इथवर आणणं आवाक्यात आलं. त्याच वाटेनं पुढं शहाबादी फरशी आली, गुलबर्ग्याकडची. आधी वाड्यांत, देवळांत, मग पेठांतल्या घरांत आणि स्वातंत्र्यानंतर उसाचा पैसा खेळायला लागल्यावर खेड्यांत.

या फरशीबद्दल जुन्या घरांचे हौशी लोक नाक मुरडतात. मातीची भुई गुडघ्यांना बरी, शेणाचा वास किती छान, वगैरे. हे म्हणणाऱ्यांनी कधी सारवलेलं नसतं. आमच्या घरी सोप्यात शहाबादी बसली तेव्हा आईच्या हातचं शेणाचं घमेलं सुटलं. एक बादली पाणी आणि खराटा, काम संपलं. तिला संध्याकाळचा तास मिळाला. पहिल्यांदा ती त्या तासात सोप्याच्या कडेला येऊन बसली, ते भाजी निवडायचं निमित्त करून. नंतर निमित्तही लागेना. सोप्याच्या इतिहासात कौल, खांब, रेल्वे या सगळ्यांपेक्षा मी या फरशीला मोठी मानते.

पोर्चची वंशावळ मात्र वेगळी आहे, आणि गल्लत इथंच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात इंग्रजी धाटणीच्या इमारती उभ्या राहिल्या. मेजर चार्ल्स मांट या लष्करी वास्तुकारानं टाऊन हॉल बांधला, नव्या राजवाड्याचा आराखडा केला. राजवाडा 1884 साली पुरा झाला तेव्हा मांट हयात नव्हता. त्याच सुमाराला साहेबांचे बंगले आले. बंगल्याला दोन गोष्टी असत: भोवतीनं बसायचा व्हरांडा, आणि दारात बग्गी उभी राहावी, पावसात न भिजता उतरता यावं म्हणून पुढं काढलेलं छप्पर. ते छप्पर म्हणजे पोर्च. तो जन्मापासून वाहनाचाच.

शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, पुढं राजाराम महाराजांच्या नावाची राजारामपुरी आखली गेली, आणि या आखीव गल्ल्यांत वकील, डॉक्टर, व्यापाऱ्यांनी बंगले बांधले. तिथं व्हरांडा आणि पोर्च दोन्ही राहिले. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, अशील आणि रोगी. पोर्चात टांगा, मग मोटार. दोघांचं भांडण नव्हतं, जागा मुबलक होती.

भांडण लागलं जागा आखडल्यावर. गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर घर बसवायचं, त्यात एफएसआयचं गणित, त्यात मोटारसायकल, मग चारचाकी. व्हरांडा आत ओढून हॉल मोठा केला आणि पोर्च तेवढा उरला. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या बैठ्या घरांत उलटं झालं: सोपा होता, त्याला लोखंडी ग्रिल लागली. आधी चोराच्या भीतीनं, मग पोरं रस्त्यावर पळतात म्हणून. ग्रिल लागली की आत गाडी येते, गाडी आली की माणूस बाहेर पडतो. कोल्हापूरचा माणूस बसल्याशिवाय राहणारा नव्हे. तो तालमीच्या कट्ट्यावर गेला, रंकाळ्यावर गेला, रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेला. पण हे सगळं पुरुषांचं बसणं. आईनं मिळवलेला तास तिच्या सुनेच्या वाट्याला येईपर्यंत तिथं स्कूटर उभी होती.

उरलेलं काम महापुरांनी केलं. 1989, 2005, 2019, 2021. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2019 ला ती पन्नाशी ओलांडून गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडं मातीच्या भिंती पाण्यात बसल्या आणि घरं गेली. सोपा पडला तो भिंतीमुळं, खांबामुळं नव्हे. उथळ्यावरचे खांब पाणी ओसरल्यावरही कितीतरी ठिकाणी उभे होते, नुसत्या तुळया पेलून. पुन्हा बांधताना लोकांनी सिमेंट निवडलं, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याची भिंत एकदा पाण्यानं खाल्ली त्याला मातीचे गुण सांगू नयेत.

जुना सोपा नुसता बघायचा असेल तर कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. सिमेंटची माणसं, सिमेंटचे बैल, बारा बलुतेदार. मुलांना जरूर दाखवा, काम चोख आहे.

पण घर बांधायला काढणार असाल तर माझं एवढं ऐका. गाडीसाठी बाजूला दहा फूट सोडा, वर साधा पत्रा पुरतो. पुढं रस्त्याच्या अंगाला सोपा काढा, खोली सात फुटांपेक्षा कमी नको. पाच फुटांत खुर्ची मावते, पाय मावत नाहीत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला मिळालं तर उत्तम; पश्चिमेलाच येत असेल तर पाखं अडीच फूट पुढं काढा. स्लॅब असला तरी पुढच्या बाजूला कौलाचं छप्पर उतरवा, स्लॅब रात्री नऊपर्यंत धग सोडतो. खांब लाकडी हौसेनं लावणार असाल तर खाली दगड द्याच. फरशी खरबरीत शहाबादी किंवा कोटा. गुळगुळीत टाईल पावसाळ्यात म्हातारीचं हाड मोडते. उताराला फुटामागं पाव इंच, पाणी आपलं आपण जाईल. कठड्याऐवजी कडप्प्याचा कट्टा करा, सव्वा-दीड फूट उंच, टेकायला मागं एक खांब येईल असा. ग्रिल नको. लावायचीच तर दाराला लावा. आणि रोजची झाडलोट कोण करणार, संध्याकाळी तिथं कोण बसणार, ही दोन नावं घरातल्या बायकांना विचारून नकाशा टाकायच्या आधी मला सांगा.